पंचनाम्यातला उंदीर

पंधरा एप्रिलला, मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास एसेनकुलने ताशबुलाकच्या इतिहास संग्रहालयातली एक वस्तू खाल्ली.

असं काहीही घडलेलं नाही. संग्रहालयाच्या दप्तराप्रमाणे एसेनकुल नावाचा कोणी माणूस त्या दिवशी तिथे फिरकलाच नव्हता. वस्तू ज्याने खाल्ली त्याला चार पाय आणि एक शेपूट आहे, आणि त्या कागदावर दोन सह्या व एक गोल शिक्का आहे. गोल शिक्का बसला की घडलेलं न घडलेलं होतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जे घडलंच नाही ते कसकसं घडत गेलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

एसेनकुल पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळायचा. नळ कुठे आहेत हे नकाशांना ठाऊक होतं आणि नकाशे कुठे आहेत हे फक्त एसेनकुलला, म्हणून खात्यात त्याला मान होता. वय शेहेचाळीस. वरच्या जबड्यात, अगदी दर्शनी, सोन्याचा एक दात. हसला की समोरच्याला वाटायचं, माणूस सुखवस्तू आहे. म्हणून तो पाहुण्यारावळ्यांत जरा जास्तच हसायचा.

दर नवरोजला, म्हणजे नव्या वर्षाच्या दिवशी, तो शाळेच्या रेघांच्या वहीत वर्षाची ध्येयं लिहायचा. आकडा सात, कारण सात चांगला. यंदाची यादी अशी होती: एक, इतिहास संग्रहालय बघणे. दोन, पोट. तीन, फाटक दुरुस्त करणे. चार, मेव्हण्याशी वाद न घालणे. पाच, कुठलंही एक पुस्तक शेवटपर्यंत वाचणे. सहा, पोहायला शिकणे. सात, वरीलपैकी राहिलेलं. ‘पोट’ या शब्दापुढे क्रियापद नव्हतं, आणि अकरा वर्षं ही यादी अशीच उतरवली जात असल्यामुळे ते कुणाला खटकतही नव्हतं. अकरा वर्षांत एकाही ध्येयासमोर बरोबरची खूण झालेली नव्हती.

यंदा मात्र त्याच्या बायकोने, बुरूलचाने, वही उचलली.

“अहो, हे म्युझियम तुमच्या ऑफिसच्या वाटेवर आहे ना?”

“वाटेवर म्हणजे, डाव्या हाताला.”

“एकवीस वर्षं डावीकडे मान वळली नाही तुमची?”

“उजवीकडे बस येते. लक्ष ठेवावं लागतं.”

बुरूलचा शांतपणे म्हणाली, “या वर्षी एक तरी खूण झाली पाहिजे. नाही झाली, तर पुढच्या वर्षीची यादी मी लिहीन.” आणि तिने पेन्सिलीला टोक काढून ठेवलं. बुरूलचाच्या यादीत काय काय असू शकेल याचा विचार करताना एसेनकुलच्या अंगावर काटा आला. तिच्या यादीत प्रत्येक नामापुढे क्रियापद असलं असतं.

इथवर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. पण नवरोजला गल्लीतली झाडून सगळी माणसं सुमोलोकच्या कढईभोवती जमली होती. गव्हाच्या मोडांची ती गोड खीर वाटीत पडेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून बुरूलचाने यादी मोठ्याने वाचून दाखवली. आणि तुर्दुबाय अक्सकाल तिथे होते.

तुर्दुबाय एकोणऐंशी वर्षांचे. आमच्याकडे अक्सकालाने, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या माणसाने, दोन्ही तळवे वर करून आशीर्वाद दिला की ती गोष्ट ठरली. तुर्दुबाय तळवे वर करण्यासाठी निमित्तच शोधत असत. त्यांनी नव्या सायकलींना, गाभण गायींना आणि एकदा चुकून घटस्फोटाच्या अर्जालाही आशीर्वाद दिला होता. ते जोडपं फार सुखाने वेगळं झालं. त्यांनी तळवे वर केले आणि म्हणाले, “एसेनकुलला म्युझियम दिसो, त्याचं पोट…” इथे क्रियापद न सापडल्यामुळे ते जरा थांबले, “…त्याचं पोट राहो, फाटक मिटो. ओमिन.”

तीस-पस्तीस माणसांनी चेहऱ्यावरून हात फिरवून “ओमिन” म्हटलं. झालं. दिलेला आशीर्वाद परत करण्याची सोय अजून निघालेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटेल तो विचारू लागला, “काय, बघितलं का?” शेजारचा मामात तर सल्लेच घेऊन आला. मामात जिल्ह्याच्या गावाला व्हॅन चालवायचा आणि वाटेत वकील, डॉक्टर, मास्तर असे सगळे प्रवासी मिळत असल्यामुळे त्याला कुठल्याही विषयाचं निम्मं ज्ञान होतं. बाकीचं निम्मं प्रवाशांबरोबर उतरून गेलेलं असायचं.

“हे बघ, तिकिटाचा तुकडा जपून ठेव. तोच पुरावा,” मामात म्हणाला. “आणि आत कुणी काही विचारलं तर हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. ‘बघू’ म्हण.”

“अरे, मी बघायलाच चाललोय.”

“तेच ते. खोटंही होत नाही.”

एसेनकुल पहिल्यांदा गेला तो सोमवार होता. सोमवारी संग्रहालय बंद असतं. दुसऱ्यांदा गेला तो महिन्याचा शेवटचा शुक्रवार, म्हणजे स्वच्छता दिन. स्वच्छता दिनाला संग्रहालय बंद ठेवतात आणि स्वच्छता करणाऱ्यांना सुट्टी देतात. तिसऱ्यांदा दार उघडं होतं, दिवे लागलेले होते, पण तिकीट देणारी बाई भाच्याने पहिली पावलं टाकली म्हणून त्या समारंभाला गेली होती आणि तिकिटांच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात होती. “भाचा पुन्हा बसला की येईल,” असं रखवालदाराने सांगितलं. भाचा संध्याकाळपर्यंत बसला नाही.

या तीन खेपांमध्ये गल्लीत अशी बातमी पसरली की एसेनकुल संग्रहालयात रोज जातो. काहींना त्यात बाईचा वास आला.

चौथी खेप पंधरा एप्रिलची. एसेनकुल साहेबांची परवानगी काढून, सकाळचा चहा अर्धा टाकून, कोट घालून गेला. तिकीट मिळालं. तुकडा त्याने आतल्या खिशात, पासपोर्टच्या पानांत ठेवला. मग त्याने पेंढा भरलेला लांडगा बघितला, अकरा खापऱ्या बघितल्या, तलवारीची मूठ आणि ‘तलवार उपलब्ध नाही’ ही पाटी बघितली. आपण इतिहास बघतोय याचा त्याला अभिमान वाटू लागला आणि भूकही लागली. या दोन गोष्टी माणसात एकाच जागी असाव्यात.

शेवटच्या दालनात यूर्ट, म्हणजे राहायचा गोल तंबू, होता. लोकरीच्या नमद्याचा, खरा, पूर्ण उभारलेला. पाटीवर लिहिलं होतं: ‘किर्गिझ घर. सर्व वस्तू मूळच्या आहेत.’ दारावरचा पडदा गुंडाळून वर बांधलेला होता. समोर लाल दोरी असायला हवी होती, पण ती झाडण्यासाठी काढून भिंतीशी ठेवली होती. आणि आत जमिनीवर जेवणाच्या कापडाचा दस्तरखान पसरलेला होता, त्यावर गोल नान होता, शेजारी एक वाटी होती, आणि वाटीतल्या चहातून वाफ निघत होती.

इथे वाचकाने एसेनकुलच्या जागी स्वतःला ठेवावं. पडदा वर असलेलं घर आहे. आत ऊन ऊन चहा आहे. असं घर ओलांडून पुढे जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे एकच नाव आहे आणि ते इथे छापता येणार नाही. एसेनकुलने उंबऱ्याशी बूट काढले, उजवा पाय आत टाकला आणि “सलाम” म्हणाला. उत्तर आलं नाही. दारासमोरच्या मानाच्या जागी तो बसला नाही, कारण आग्रह झालेला नव्हता. तिच्या जरा खाली, मांडी घालून बसला. घरधनी येईल म्हणून त्याने वाट बघितली. दोनदा खोकला. अकरा मिनिटं गेली.

कुणी आलं नाही, तेव्हा त्याने उठायचं ठरवलं. पण दस्तरखान पसरलेल्या घरातून नान तोंडाला न लावता उठणं म्हणजे त्या घराला शाप देणं. घाई असो, पोट भरलेलं असो, आजारी असो, एक तुकडा तोंडात टाकायचा आणि मग निघायचं. घरात कुणी नसलं तरी नान असतोच की. त्याने मनात घराला बरकत चिंतली, नान दोन्ही हातांनी उचलला आणि मोडायला गेला. मोडेना. नानावर लोण्याचा हात फिरवल्यासारखी छान चकाकी होती. एसेनकुलला वाटलं, डोंगराकडचा असेल, तिकडे कडक भाजतात. त्याने सरळ दात लावले.

तुकडा तुटला. चव पाटाच्या लाकडासारखी होती. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून त्याने तो गिळला. मग जीभ सवयीने वरच्या जबड्याकडे गेली आणि तिथे काही सापडलं नाही.

दातावरची सोन्याची टोपी नानात रुतून बसली होती.

त्याच क्षणी दालन सांभाळणाऱ्या कान्यशाय एजे झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाई साठीच्या पुढच्या, म्हणून सगळ्यांच्याच एजे, थोरली बहीण. चहा त्यांचाच होता. सगळ्या इमारतीत वारा लागत नाही अशी जागा यूर्टमध्येच, म्हणून त्या तिथे चहा घ्यायच्या.

“भावा,” त्या म्हणाल्या, “काय करतोयस?”

“एजे, तुमची वाट बघत होतो,” एसेनकुल म्हणाला. त्याच्या तोंडातून शीळ निघाली.

“खाल्लास?”

“एकच घास. निघालोच होतो.”

कान्यशाय एजेंनी नान हातात घेतला, उलटा करून खालचा क्रमांक वाचला आणि खाली बसल्या. “त्र्याऐंशी सालचा आहे रे तो. व्हार्निश लावलंय.”

संचालक रिस्बेक आले. वय एकतीस, राजधानीत शिकलेले, गावात टाय लावणारे एकमेव. त्यांनी कपाटातून एक छापील कागद काढला: ‘नमुना नऊ. खाद्यस्वरूपी वस्तूंच्या नाशाचा पंचनामा.’

“आके, घाबरू नका,” ते थोरल्या भावाशी बोलावं तशा सौजन्याने म्हणाले. “नाशाचं कारण, इथे तीन पर्याय छापलेले आहेत. ओल, आग, उंदीर. एकाखाली रेघ ओढायची. ओल नाही. आग नाही.” त्यांनी पेन काढलं.

“मग?” एसेनकुलने विचारलं.

“मग उंदीर. तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या घरी. फक्त तिकिटाचा तुकडा परत द्या. उंदीर तिकीट काढत नाही.”

“म्हणजे मी आलोच नव्हतो?”

“दप्तराच्या दृष्टीने नव्हतात.”

“आणि माझा दात?”

रिस्बेकनी नान डोळ्यांजवळ नेला. “मौल्यवान धातू आहे. एकदा संग्रहालयाच्या वस्तूत सापडलेला मौल्यवान धातू बाहेर जाऊ शकत नाही. वेगळी नोंद होईल. ‘सोन्याची टोपी, मालक अज्ञात, बहुधा विसावं शतक.’ तुम्हाला अभिमान वाटायला हवा, आके.”

एसेनकुल उभा राहिला. पायात बूट नव्हते, समोरचा दात नव्हता, तरी तो उभा राहिला. “संचालक,” तो म्हणाला, “बाहेरच्या पाटीवर ‘घर’ लिहिलंय. घरात शिरतो तो पाहुणा. मी उजवा पाय आधी टाकला, सलाम केला, मानाची जागा सोडून बसलो. असा उंदीर तुम्ही बघितलाय का? मी उंदीर म्हणून सही करणार नाही.”

“उंदराची सही लागत नाही,” रिस्बेक म्हणाले. “तशी तळटीप आहे.”

त्या संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी सल्ला दिला. सगळ्यांचा सल्ला एकच होता. मामात म्हणाला, “अरे, कागदावर उंदीर. घरी थोडाच शेपूट लावून फिरायचंय? माझ्या गाडीच्या कागदावर मी अपंग आहे. सुखात आहे.” तुर्दुबाय अक्सकालांनी तर उंदीर वर्ष हे बारा वर्षांच्या चक्रातलं पहिलं वर्ष असून उंदीर किती हुशार, हे समजावून सांगितलं आणि तळवे वर करू लागले. एसेनकुलने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. एकदा ओमिन झालं असतं तर संपलंच होतं.

मेव्हणाही आला. एसेनकुलने त्याच्याशी वाद घातला. चौथं ध्येय तिथे गेलं.

 सगळे गेल्यावर बुरूलचाने विचारलं, “तुम्ही सलाम केलात?”

“केला.”

“मोठ्याने?”

“हो.”

“मग सही-बिही काही द्यायची नाही. तिकीटही द्यायचं नाही,” ती म्हणाली. “मी उंदराशी लग्न केलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून संग्रहालयात गेली. तिकडे वेगळाच घोळ झाला होता. अर्धवट नान पुराव्यादाखल तिजोरीत गेला होता, आणि दस्तरखानावरची जागा रिकामी ठेवता येत नव्हती, कारण राजधानीहून पाहणीला दोन माणसं येणार होती. म्हणून कान्यशाय एजेंनी घरून ताजा नान भाजून आणला होता आणि रिस्बेकनी त्याच्या पोटाला जुन्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधली होती. अशा रीतीने तो सकाळी नऊ वाजता ऐतिहासिक झाला.

“बघा, आके,” रिस्बेक म्हणाले. “वस्तू म्हणजे वस्तू. मी तुम्हाला दाखवतो.” ते बूट काढून आत गेले. मागोमाग एसेनकुल, बुरूलचा आणि तिकीटवाली बाई. कान्यशाय एजे चहाची किटली घेऊन आधीच आत बसल्या होत्या.

“बस रे,” त्या संचालकांना म्हणाल्या. “उभ्याने काय बोलतोस.”

रिस्बेक बसले. एजेंनी वाटी पुढे केली, त्यांनी घेतली. ते समजावून सांगू लागले की प्रदर्शनातलं घर हे घर नसून घराची माहिती असते, त्यातलं अन्न हे अन्न नसून अन्नाची माहिती असते, आणि सुशिक्षित समाजाला हा फरक कळायला हवा. फार चांगलं बोलले. बुरूलचाही मान डोलावत होती. शेवटी त्यांनी घड्याळाकडे बघितलं, “चला, मला निघायला हवं,” असं म्हणाले, वाटी खाली ठेवली, नानाचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि उठले.

 रिस्बेक चावत चावत दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांचं चावणं थांबलं.

“गिळा,” कान्यशाय एजे म्हणाल्या. “अडकेल.”

त्यांनी गिळलं.

“क्रमांक चिठ्ठीवर आहे ना अजून?” बुरूलचाने अगदी सहज विचारलं.

एसेनकुलचा चेहरा फुलला. दात नसूनही तो पूर्ण हसला. “संचालक, आता आपण दोघं. पाहुणा लिहा. दोन पाहुणे. मी सही करतो, तुम्ही सही करा, एजे यजमान म्हणून करतील.”

“मी करते,” एजे म्हणाल्या. “बेचाळीस वर्षं तो नान तिथे पडला होता आणि कुणी पाहुण्याला बस म्हटलं नाही. लाज वाटायला हवी होती ती आम्हाला.”

रिस्बेकनी तो नमुना नऊचा कागद पुढे ओढला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आत काहीतरी चाललं होतं, ते टायच्या गाठीवरून दिसत होतं. “चौथा पर्याय छापलेला नाही, आके,” ते शेवटी हळूच म्हणाले. “नमुना राजधानीतून येतो.” आणि त्यांनी ‘उंदीर’खालची रेघ ठळक केली, शेजारी कंसात ‘दोन’ लिहिलं आणि सही केली. दुसरी सही तिकीटवालीने केली. तिला पुन्हा भाच्याकडे जायचं होतं. कान्यशाय एजेंनी पेन हातात घेतलं नाही. एसेनकुलच्या तिकिटाचा क्रमांक ‘छपाईतील दोष’ म्हणून रद्द झाला. ज्या देशात सुशिक्षित माणूस खुशीने उंदीर होतो पण पाहुणा व्हायला घाबरतो, त्या देशाच्या इतिहासाचं संग्रहालय हवंच, असं एसेनकुल बाहेर पडताना म्हणाला. शीळ निघत असल्यामुळे ते नीट कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी येऊन बुरूलचाने वही उघडली. तिकिटाचा तुकडा पहिल्या ध्येयासमोर ठेवला, पेन्सिल घेतली, आणि थांबली.

“अहो, मी आत्ता खूण करीन,” ती म्हणाली. “तुम्ही गेला होतात, मला माहीत आहे. पण दप्तरात उंदीर गेलाय. उद्या कुणी ही खूण बघून हसलं तर?”

“करू नकोस,” एसेनकुल म्हणाला. “शाईने करायची ती.” मग त्याने दोन ते सात ध्येयांवर एकच आडवी रेघ मारली, पोटासकट, कोरा कागद घेतला आणि संस्कृती मंत्रालयाला अर्ज लिहायला बसला. तो अर्ज, शुद्धलेखन बुरूलचाने तपासल्यावर, असा झाला:

‘मा. मंत्रिमहोदय यांस. विषय: नमुना क्रमांक नऊमध्ये दुरुस्तीबाबत. अर्जदार हा ताशबुलाकचा कायम रहिवासी असून पंधरा एप्रिल रोजी बूट काढून व सलाम करून उपरोक्त यूर्टमध्ये बसला होता. सबब ओल, आग व उंदीर यांच्या आधी “पाहुणा” हा पर्याय छापण्यात यावा. जुने छापील नमुने संपेपर्यंत तो हाताने लिहिण्याची मुभा असावी. सोन्याची टोपी मालक ज्ञात असल्याने परत मिळावी. अर्जदार उंदीर आहे किंवा कसे, याबाबत मंत्रालयास शंका असल्यास एक सक्षम अधिकारी स्थळपाहणीसाठी अर्जदाराच्या राहत्या घरी पाठवण्यात यावा, आणि सदर अधिकाऱ्याने येताना जेवून येऊ नये, ही नम्र विनंती.’